किट गिटार: आधी फ्रेट आणि नट, पिकअपचं नंतर बघू

प्रश्न असा आहे: सांगलीत इंजिनिअरिंगला असलेल्या एकाने स्ट्रॅट टाइप (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारख्या) इलेक्ट्रिक गिटारचं किट, म्हणजे घरी जोडायचे सुटे पार्ट, मागवलंय, बासवुडची बॉडी, स्क्रूवर बसणारा मेपलचा नेक (दांडी), तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेचा आवाज पकडणारी मॅग्नेट-कॉइल), सहा स्क्रूचा ट्रेमोलो (दांडा दाबून सूर हलवता येतो असा ब्रिज). किटमधले पार्ट भंगार असतात असं सगळे सांगतात, म्हणून जोडायच्या आधीच पिकअप, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) आणि ब्रिज (बॉडीवर तारा धरणारा भाग) चांगल्यातले मागवून ठेवू का, आणि पॉलिश ओळखीच्या फर्निचरवाल्याकडून करून घेतलं तर चालेल का, असं त्याला विचारायचंय.

भावा, आत्ता काहीच मागवू नको. मी मिरजेत बरीच वर्षं गिटार रिपेअरचं काम करतोय आणि किटवाल्या गिटारी नेहमी येतात, त्यात महागाचे पिकअप टाकलेल्या पण असतात आणि तरी मालक म्हणत असतो की मजा येत नाही, सुरात राहत नाही, एफ कॉर्ड दाबताना बोटं मोडतात. यातलं एकही दुखणं पिकअपचं नसतं. तार जिथं जिथं टेकते, म्हणजे नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी), फ्रेट (नेकवरचे धातूचे पडदे) आणि सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू), तिथलं काम किटवाल्याने केलेलंच नसतं, ते तुझ्यासाठी सोडलेलं असतं, आणि किट स्वस्त असण्याचं खरं कारण तेच. पार्ट तसे चालण्यासारखे असतात. हाताचं काम बाकी असतं.

आता किट आल्यावर काय करायचं ते सांगतो, जमेल तसं क्रमाने, मध्येच भरकटलो तर सांभाळून घे.

खोका उघडला की लगेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नको. लाकूड दुसऱ्याच हवेतून आलेलं असतं, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठची दारं फुगून लागत नाहीत, नेक पण लाकूडच आहे, तो पण फुगतो आणि आकसतो. दोन आठवडे खोलीत नुसतं पडू दे, उन्हात नाही आणि लोखंडी कपाटावर पण नाही. आकसलं तर फ्रेटची टोकं बाहेर येतात, नेकच्या कडेवरून हात फिरवलास तर करवतीसारखं लागेल. लागलं तर घाबरू नको, ते कानशीनं जातंय.

मग सगळं कोरडं जुळवून बघ, रंग नाही, काही नाही. नेक बॉडीच्या खोबणीत, म्हणजे पॉकेटमध्ये बसव, ब्रिज ठेव, आणि दोन्ही कडेच्या ई तारांच्या जागी नटपासून ब्रिजपर्यंत साधा शिलाईचा दोरा ताणून लाव. दोन्ही दोरे फिंगरबोर्डच्या (नेकच्या फ्रेट असलेल्या बाजूच्या) कडेपासून सारख्या अंतरावर चाललेत का बघ. एक दोरा कडेवरून खाली पडायला आला असेल तर नेक पॉकेटमध्ये वाकडा बसतोय, नाहीतर ब्रिजची भोकं चुकलीत, आणि हे आत्ता कळलं तर अर्ध्या तासाचं काम आहे, रंग झाल्यावर कळलं तर डोक्याला ताप.

त्याच वेळी माप घे. स्ट्रॅटची स्केल (नट ते सॅडल तारेची लांबी) २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिमीला जरा कमी. नटच्या पुढच्या कडेपासून १२व्या फ्रेटच्या मध्यापर्यंत ३२४ मिमी भरलं पाहिजे, आणि तेवढंच पुढं पहिल्या तारेच्या सॅडलपर्यंत. जाड ई तारेचा सॅडल त्याच्याही मागं तीन-चार मिमी जाऊ शकेल एवढी जागा पाहिजे, कारण जाड तार दाबली की जास्त चढते. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सरकवून सुरात आणता येतात, गिटारीचे फ्रेट एकदा ठोकले की ठोकले, त्यामुळं सगळी तडजोड सॅडलवर करावी लागते. अजून एक माप घे जे कुणी घेत नाही: नटपासून पहिला फ्रेट. ६४८च्या स्केलला तो ३६.३५ मिमीवर असतो. नट अर्धा मिमी मागं बसलेला असला तरी नटजवळच्या मोकळ्या कॉर्ड बेसूर लागतात आणि माणूस उगाच ट्यूनरला शिव्या घालतो. वर्निअर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मिळेल, नेक घेऊनच जा.

नेकचे स्क्रू. बॉडीतली भोकं सैल पाहिजेत, म्हणजे स्क्रू हातानं ढकलला तरी बॉडीतून आरपार गेला पाहिजे आणि त्याचे आटे फक्त नेकमध्ये धरले पाहिजेत. दोन्हीकडं आटे धरले तर कितीही आवळ, नेक आणि बॉडीमध्ये फट राहते. नेकमध्ये आधी ३ मिमीच्या आसपास ड्रिल, किती खोल जायचं त्याची खूण म्हणून ड्रिलला टेप गुंडाळ नाहीतर फिंगरबोर्डमधून बाहेर येईल, आणि स्क्रूला मेणबत्तीचं मेण किंवा साबण चोळ. मेपल कडक असतं, कोरडा स्क्रू पिळलास तर डोकं तुटून हातात येईल. बासवुडचं उलट, ते लय मऊ, पिकगार्डचे (पिकअप बसतात त्या पुढच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे) बारके स्क्रू दोनदा काढले-घातले की भोक सैल. तिथं काडीपेटीच्या काड्या आणि फेविकॉल चालतं, पण ट्रेमोलोच्या स्क्रूचं भोक सैल झालं तर कडक लाकडाची गोल खुंटी बसवून परत ड्रिल मारायचा. सांगलीत टिंबर एरियात सागवानाचा तुकडा असाच मिळून जातो.

आता पॉलिश. फर्निचरवाला करेल, आणि हात चांगला असेल तर तुझ्यापेक्षा भारी करेल, फक्त त्याला तीन गोष्टी समोर उभं राहून सांग. पहिली, नेकचं पॉकेट आतून टेपनं झाकायचं, तिथं रंगाचा एक थर जरी बसला तरी नेक आत जाताना कडेचा रंग टवका उडून निघतो. दुसरी, थर पातळ. फर्निचरवाल्यांना टेबलासारखं जाड काचेसारखं पीयू (पॉलियुरेथेन) मारायची सवय असते, गिटारीवर ते प्लॅस्टिकसारखं दिसतं आणि भोकं पण बुजतात. तिसरी, लांबी भरायची नाही. बासवुडला रेषा बारीक असतात, सीलरचे दोन हात पुरतात. बॉडी महोगनीची किंवा ॲशची असती तर ग्रेन फिलर लागला असता.

स्वतः करणार असशील तर आधी बॉडीवर पाण्याचा थेंब टाक. शोषून डाग गडद झाला तर लाकूड उघडं आहे, थेंब मण्यासारखा उभा राहिला तर कंपनीनं सीलर मारलाय आणि तुझा स्टेन आत जाणार नाही, आधी घासून काढ. बासवुडला तसंही दिसण्यासारखं काही नसतं, फिकट आणि सपाट, त्यामुळं माझं मत विचारशील तर सरळ सॉलिड कलर मार, ते पारदर्शक सनबर्स्टचं खूळ पहिल्या गिटारीवर नको. पॉलिश पेपर १८०, मग २४०, मग ३२०, हातानं आणि रेषेच्या दिशेनं. शिंगांची टोकं आणि खालची गोलाई रंग जास्त पिते, तिथं ४००पर्यंत जा. आणि पावसाळ्यात लॅकर मारू नको, ओल धरून दुधी पडतो. ऑक्टोबरनंतर मार, किंवा ज्या दिवशी कोरडं ऊन आहे त्या दिवशी सकाळी उशिरा.

हार्डनर घालून मारायचा टू-के पीयू घरी स्प्रे करू नको. त्यात आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला वाईट, आणि साधा कापडी मास्क त्याला काही करत नाही. ते गाडी पेंटिंगवाल्याच्या बूथचं काम. घरी करायला चपडा-स्पिरिट (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) सगळ्यात सोपं, सतार-तंबोऱ्याला पूर्वापार तेच, कापसाची पोटली करून हात मारत राहायचं, बिघडलं तर स्पिरिटनं परत विरघळतंय. घामाला आणि स्पिरिटला ते नाजूक असतं एवढं ध्यानात ठेव. नेकच्या पाठीला उकळलेलं जवसाचं तेल पातळ पातळ दोन-तीन हात, हात सुळकन सरकतो. पण त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नको, सुकताना आपोआप तापून पेट घेतात, खरंच घेतात. पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून मग टाक.

इथपर्यंत बहुतेक जण नीट करतात, कारण हे दिसतं. फोटो काढता येतो. पुढचं दिसत नाही आणि तिथंच सगळे कंटाळा करतात.

फ्रेट. किटच्या नेकला फ्रेट मशीननं दाबलेले असतात, पण त्यांची उंची एकसारखी केलेली नसते. एखादा फ्रेट नुसता ०.१ मिमी वर असला तरी त्याच्या अलीकडचा सूर खरखरतो, मग खरखर जावी म्हणून माणूस सगळी ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर करतो, मग दाबायला जड, मग सूर चढे, आणि मग निष्कर्ष काय तर किट भंगार. आधी तारा नसताना ट्रस रॉड (नेकच्या आतला, वाक कमी-जास्त करायचा लोखंडी गज) फिरवून नेक सरळ कर, स्टीलची पट्टी ठेवून बघ. मग छोटी सरळ कड घे जी तीनच फ्रेटवर टेकेल, आणि एक एक करत वर सरक. डुगडुगली तर मधला फ्रेट उंच. कधी कधी तो उंच नसतोच, एका टोकाला नीट बसलेला नसतो, बोटानं दाबून बघ, हलत असेल तर नायलॉनच्या हातोडीनं ठोक आणि कडेनं फेवीक्विकचा एक बारीक थेंब सोड. आधी हे, मग घासाघाशी.

घासायला एकदम सपाट पट्टी लागते. ऑनलाइन त्याला लेव्हलिंग बीम म्हणून बरेच पैसे घेतात. तू कुपवाड एमआयडीसीत किंवा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ओळख काढ आणि फूट-दीड फूट लांबीची एमएसची (साध्या लोखंडाची) पट्टी सरफेस ग्राइंडरवर घासून घे, आयुष्यभर पुरेल. तिला डबल साइड टेपनं ३२० नंबरचा पेपर चिकटव. फिंगरबोर्ड मास्किंग टेपनं झाक, फक्त फ्रेट उघडे ठेव, आणि प्रत्येक फ्रेटच्या डोक्यावर काळा मार्कर फिरव. आता पट्टी जोर न देता नेकच्या लांबीनं वर-खाली न्यायची, तारा ज्या रेषेत जातात त्या रेषेत, आणि फिंगरबोर्डच्या गोलाईप्रमाणं हळूहळू एका कडेकडून दुसऱ्या कडेकडं सरकायचं. चार-पाच हात झाले की थांबून बघ: तिसऱ्या फ्रेटवरचं काळं पूर्ण गेलेलं, चौथ्यावर मधोमध पातळ चंदेरी रेघ उमटलेली, आणि पाचवा जसाच्या तसा काळाकुट्ट. किती बिघडलं होतं ते त्या काळ्या-चंदेरीत लख्ख दिसतं. सगळ्या फ्रेटवर रेघ उमटली की हात थांबव, त्याच्या पुढं एक घास पण नको, कारण फ्रेटची उंची परत मिळत नाही.

घासल्यावर डोकी सपाट झालेली असतात, सपाट डोक्यावर तार नेमकी कुठं टेकते ते ठरत नाही आणि सूर हलतो, म्हणून परत गोल करायची. तिकोनी कानस घे, तिच्या तिन्ही धारा ग्राइंडरवर मारून गुळगुळीत कर म्हणजे टेपखालचं लाकूड कापणार नाही, आणि फ्रेटच्या दोन्ही खांद्यांवर तिरकी चालव, मध्ये केसाएवढी मार्करची रेघ राहीपर्यंत. मग ४००, ८००, १२००, २००० पेपर आणि शेवटी ब्रासो. हे सगळं पिकअप बसवायच्या आधी, धातूचा कीस आणि धूळ पिकअपमध्ये शिरली की निघता निघत नाही.

पहिल्यांदा करतोस तर एक पूर्ण रविवार धर. कंटाळा आला तर उठून चहा पिऊन ये, पण घाईत हात मारू नको.

आता नट, आणि इथं मी जरा जास्त बोलणार. मिरजेत राहून हे काम करताना एक गोष्ट डोळ्यासमोर रोज असते, ती म्हणजे जवारी. सतार असो नाहीतर तंबोरा, भोपळा आला, तूनचं लाकूड आलं, नक्षी झाली, पॉलिश झालं, तरी वाद्य बोलत नाही. मग कारागीर घोडी पुढ्यात घेतो आणि तारेखालचा पृष्ठभाग कानशीनं असा घासतो की तार त्याच्यावरून निसटती टेकत थरथरते, एक हात मारायचा, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवायची, परत घासायचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्या नावामागं असलं हे काम आहे. गिटारीचा नट म्हणजे जवारीच्या बरोबर उलटा मामला, तिथं तार अजिबात घासून थरथरता कामा नये, एका धारेवर टेकून स्वच्छ सुटली पाहिजे. पण करायची पद्धत तीच: घास, लाव, ऐक, काढ.

किटच्या नटच्या खाचा मुद्दाम उथळ ठेवलेल्या असतात. तपासायचं कसं, तर तार तिसऱ्या फ्रेटच्या आत दाब आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये किती फट राहते ते बघ. वहीच्या कागदाच्या जाडीएवढी, ०.१ मिमीच्या आसपास पाहिजे. किटवर ती अर्धा मिमी पण सापडते. त्यामुळंच एफ कॉर्ड जड, आणि पहिल्या दोन फ्रेटवरचे सूर चढे, कारण दाबताना तार उगाच ताणली जाते. नट फाइल्सचा सेट महाग, एका गिटारीसाठी घेऊ नको. गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या खरबरीत सुयांचं पाकीट मिळतं, वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात, त्यात वेगवेगळ्या जाडीच्या सुया असतात. तारेपेक्षा किंचित जाड सुई घे, आणि खाच मागं ट्यूनरकडं उतरती काप, म्हणजे तार फिंगरबोर्डकडच्या कडेवरच टेकेल. उतार उलटा झाला तर सतारीसारखी झणझण येईल, मग ती जवारी ऐकायला बरी वाटली तरी गिटारीत नको.

खाच जास्त खोल गेली तर किटचा नट आहे, फेकून द्यायचा, किंवा खाचेत खायचा सोडा भरून फेवीक्विकचा थेंब, दगडासारखं होतं, परत कापायचं. तसंही पहिला पैसा खर्च करायचाच असेल तर हाडाच्या नटवर कर. तयार मिळतो, किंवा सतारवाल्यांकडं हाडाचा तुकडा मिळतो का विचार, घोडीला ते वापरतातच. घासताना तोंडाला मास्क लाव, धूळ वाईट आणि वास त्याहून वाईट, घरच्यांनी हाकलायच्या आधी गच्चीवर जा. खाचेत पेन्सिलीचं शिसं चोळायचं. ‘ट्यूनर सरकतात’ म्हणून माझ्याकडं येणाऱ्या गिटारींमध्ये बहुतेक वेळा तार खाचेत अडकत असते, तार बाजूला ओढून बेंड मारला की अडकते आणि नंतर टक्कन सुटते. ट्यूनर बिचारे ठीक असतात.

ट्रेमोलोचं एक सोपं. मागं स्प्रिंगचा पंजा असतो, त्याचे दोन स्क्रू आवळून ब्रिज बॉडीवर टेकव, पाचही स्प्रिंग लाव. तरंगता ब्रिज पहिल्या वर्षी नकोच, एक तार ट्यून केली की बाकी पाच हलतात आणि एखादी तुटली की सगळंच गेलं.

इलेक्ट्रिकचं काम सोपंय, तू इंजिनिअरिंगला आहेस, जास्त शिकवत नाही. कॅव्हिटीला (बॉडीतल्या वायरिंगच्या पोकळीला) आतून तांब्याची टेप लाव, ज्याचा गोंद पण करंट नेतो तीच, आणि सगळे तुकडे एकमेकांना जोडलेत का मल्टिमीटरनं बघ. पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या कंट्रोलच्या) पाठीवर डाग धरत नसेल तर पॉलिश पेपरनं खरवड, आणि २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्ननं दहा मिनिटं भाजत बसण्यापेक्षा ६० वॉटचं घेऊन तीन सेकंदात उरक, पॉट जळत नाही. सिंगल कॉइलला पॉट २५० के, हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ५०० के, किटमध्ये सिंगल कॉइलबरोबर ५०० के आले असतील तर आवाज कर्कश वाटेल आणि लोक म्हणतील पिकअप स्वस्तातले आहेत. टोनचा कंडेन्सर टीव्ही-रेडिओ रिपेअरवाल्याकडं मिळतो, त्यावर ४७३ लिहिलं असलं की ०.०४७ मायक्रोफॅरड, २२३ म्हणजे ०.०२२. ते जुन्या तेलातल्या कंडेन्सरच्या नादाला लागू नको, त्याच्या पैशात चांगला जॅक आणि फाइव्ह-वे स्विच येतो, आणि किटमध्ये खरोखर आधी मरणारे पार्ट हेच दोन. स्प्रिंगच्या पंजाला ग्राउंडची वायर विसरू नको.

एक सांगून ठेवतो. त्या तांब्याच्या टेपच्या शिल्डिंगनं चरचर कमी होते, पण सिंगल कॉइलचा घुमणारा ५० हर्ट्झचा हम त्यानं जात नाही, तो कॉइल पकडतेच. स्विचच्या दोन आणि चार नंबरच्या पोझिशनला, जिथं दोन पिकअप एकत्र वाजतात, तो जातो, पण मधला पिकअप उलट्या वेटोळ्याचा आणि उलट्या मॅग्नेटचा असला तरच. त्या पोझिशनला आवाज बारीक, नाकातून आल्यासारखा पोकळ झाला तर फेज उलटी आहे, मधल्या पिकअपच्या दोन वायर अदलाबदल कर. आणि ॲम्पच्या प्लगचा तिसरा पिन तोडून दोन पिनच्या बोर्डात घालणारे महाभाग आपल्याकडं आहेत, तू तारेला हात लावून उभा असणार आहेस, अर्थिंग आहे का वायरमनकडून आधी तपासून घे.

सेटअपचा क्रम मोडू नको: ट्यून, ट्रस रॉड, ॲक्शन, इंटोनेशन (सॅडल सरकवून दाबलेले सूर बरोबर आणणं), मग पिकअपची उंची, आणि प्रत्येक पायरीनंतर परत ट्यून. ०.००९ नाहीतर ०.०१० इंचापासूनचा तारांचा सेट लाव. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकत्र दाबून ८व्या फ्रेटपाशी ०.२ ते ०.३ मिमी फट पाहिजे, ते मोजायला फीलर गेज लागतं, टू-व्हीलर मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतो तेच, ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळतं. फट जास्त तर रॉड घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, आणि दुसऱ्या दिवशी परत बघ. ॲक्शन १२व्या फ्रेटवर जाड ईला २ मिमी, बारीक ईला दीड. इंटोनेशनला १२व्यावरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर, सूर दाखवणाऱ्या ट्यूनर मीटरवर ताडून बघ, दाबलेला चढा आला तर सॅडल मागं, उतरा आला तर पुढं. पिकअप शेवटच्या फ्रेटवर तार दाबून अडीच-तीन मिमी खाली, जवळ आणले की आवाज मोठा होतो म्हणून वर घेऊ नको, मॅग्नेट तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो.

एवढं करून दोन-तीन महिने वाजव. मग बदलायचं असलं तर बदल, पण मागवायच्या आधी वर्निअर घेऊन बस, कारण किटची मापं आणि फेंडरची मापं एक नसतात. ब्रिजच्या सॅडलचं अंतर बऱ्याच किटमध्ये १०.५ मिमी असतं, व्हिंटेज ब्रिजमध्ये जास्त, त्यामुळं स्क्रूची भोकं पण जुळत नाहीत. फेंडरची बॉडी ४५ मिमीच्या जवळ जाड, बऱ्याच किटच्या बॉडी ४०-४२च्या, मग पितळेचा किंवा स्टीलचा मोठा ट्रेमोलो ब्लॉक (ब्रिजखालचा ठोकळा) मागून बाहेर डोकावतो. ट्यूनरची भोकं १० मिमी आहेत की व्हिंटेजची बारकी, ते बघ. मोठा पॉट घेतलास तर पिकगार्डचं भोक रीमरनं वाढवावं लागेल आणि जुने नॉब पण बसणार नाहीत, दात वेगळे.

पिकअप सगळ्यात शेवटी. किटमधल्या सिंगल कॉइलमध्ये बहुतेक वेळा खाली सिरॅमिक मॅग्नेटची पट्टी आणि वर लोखंडी खिळे असतात, आवाज जरा धारदार आणि सपाट येतो. खिळेच मॅग्नेट असलेले, अल्निको ५चे घेतलेस तर खणखणीतपणा येतो आणि हलकं-जोरात वाजवल्याचा फरक उठून दिसतो. तिन्ही एकदम नको, आधी एकच बदल, जो तू सगळ्यात जास्त वापरतोस तो, आणि तो मधल्याशी फेजमध्ये जुळतो का ते विकणाऱ्याला विचार. तोपर्यंत जुने किटमध्येच राहू देत.